वाचक विचारतात : थोड्या पैशातला भुताचा विनोदी सिनेमा

गेल्या अंकात आमच्या भुताच्या सिनेमाबद्दल मी चार ओळी काय लिहिल्या, पत्रांचा ढीग लागला. चौदा लाख रुपये, सोळा दिवस, सव्वीस माणसं आणि अंबाजोगाईजवळच्या एका खेड्यातला जुना वाडा, एवढ्यावर तो सिनेमा उभा राहिला. त्याची निर्मिती-व्यवस्था पहिल्या दिवसापासून माझ्याकडं होती. आलेल्या पत्रांतली सहा निवडली आहेत. नाव छापू नका असं बऱ्याच जणांनी कळवलंय, म्हणून सगळ्यांचीच फक्त गावं दिली आहेत.

आम्ही चौघं मित्र. नऊ लाख जमलेत. भूत, मारामारी, थोडा चावटपणा आणि भरपूर हसू असा सिनेमा काढायचाय. पुण्याचा एक ओळखीचा म्हणाला, याला ‘एक्स्प्लॉइटेशन’ म्हणतात, असलं काढून नाव खराब करून घेऊ नका. खरं का? आणि नऊ लाखांत भागेल का?
*सेलू, जि. परभणी*

दादा, नाव खराब होत नाही. फसवलं तर होतं.

आधी शब्दाचं बघू. ज्या सिनेमाकडं मोठा नट नाही, जाहिरातीला पैसा नाही, तो एखादी अशी गोष्ट पुढं करतो की रस्त्यानं जाणाऱ्याची मान आपोआप वळावी. भूत, रक्त, राक्षस, नाहीतर उघडंवाघडं अंग. त्या एका गोष्टीच्या जोरावर तिकीट विकायचं, म्हणून हे नाव पडलं. अमेरिकेत रॉजर कॉर्मन यांनी असले सिनेमे आयुष्यभर काढले. १९६० मधला ‘द लिटल शॉप ऑफ हॉरर्स’ हा त्यांचा माणसं खाणाऱ्या रोपट्याचा विनोदी भयपट. त्याचं मुख्य शूटिंग दोन दिवसांत उरकलं आणि सेट आधीच्या एका सिनेमाचा वापरला. न्यूयॉर्कच्या ट्रोमा कंपनीनं १९७४ पासून हाच धंदा केला, १९८४ चा ‘द टॉक्सिक अव्हेंजर’ त्यांचाच. आपल्याकडं रामसे बंधूंनी १९७२ मध्ये ‘दो गज ज़मीन के नीचे’ काढला तेव्हा कॅमेरा एका भावाकडं, आवाज दुसऱ्याकडं, संकलन तिसऱ्याकडं अशी घरातल्या घरात कामं वाटून घेतली होती. तुम्ही चौघं आहात, हे ध्यानात ठेवा.

फसवण्याचं म्हणाले, ते मी तंबूत शिकले. माझे वडील फिरता सिनेमा चालवायचे. माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत आमचा तंबू असायचा. (हे लोहा तालुक्यातलं, नांदेड जिल्ह्यातलं माळेगाव. नाशिककडचं मालेगाव वेगळं. तिथल्या पोरांनी ‘शोले’ आपल्या गावात पुन्हा उभा केला, त्यांच्यावर एकदा सवडीनं लिहायचंय.) एका वर्षी पोस्टर होतं नागकन्येचं आणि पेटीत रिळं निघाली भलत्याच सिनेमाची, सासू-सुनेच्या रडारडीची. दहा मिनिटं लोक गप्प होते. मग मागनं पहिली शिट्टी वाजली, मग कनात हलायला लागली. वडलांनी मशीन बंद केलं, माईक घेतला आणि सांगितलं, ‘‘चूक आमची हाय. तिकिटं दाखवा, पैसे घेऊन जावा.’’ मी सात-आठ वर्षांची असेन. गल्ल्याचा डबा माझ्या मांडीवर होता. चिल्लर परत करता करता माझी बोटं काळी झाली. पुढच्या वर्षी त्याच गावांतली माणसं बैलगाड्या जुंपून आली आणि आमच्याच तंबूत बसली.

तेव्हा पोस्टरवर भूत असेल तर पडद्यावर भूत पाहिजे, आणि ते पहिल्या अर्ध्या तासात पाहिजे. हसवायचं कबूल केलं असेल तर हसू आलं पाहिजे. सिनेमा कितीही भडक असू द्या, ही दोन कलमं पाळली की माणसं राग धरत नाहीत.

नऊ लाखांत भागेल, पण गोष्ट एका वाड्यात, एका रात्रीत आणि पाच-सहा पात्रांत बसवा. जागा बदलली की अर्धा दिवस सामान चढवण्या-उतरवण्यात जातो, आणि दिवसाचा खर्च आपल्यासाठी थांबत नाही. आमच्या चौदांतले चार लाख माणसांच्या मानधनाला गेले, तीन कॅमेरा, लेन्स आणि दिव्यांच्या भाड्याला, दोन आवाजाला. जेवणाला माणशी रोजचे तीनशे धरले होते, सोळा दिवसांचे सव्वा लाख झाले. त्यातला एक रुपया कापू नका. थंडीच्या रात्री अडीच वाजता शेंगोळ्यांचं गरम पातेलं आलं की दिवे धरणारा पोरगा पुढचे तीन तास उभा राहतो. हे मी सोळा रात्री बघितलंय.

आमच्या गढीत जुनं पेव आहे. भूत त्यातनं वर यावं अशी कल्पना आहे. सेटचा खर्च वाचेल. काय काळजी घ्यावी?
*कंधार, जि. नांदेड*

पेवात, म्हणजे धान्य साठवायच्या जमिनीखालच्या कोठारात, कुणालाही उतरवू नका. पत्र वाचून मी आधी तुम्हाला फोन लावला, तो लागला नाही, म्हणून इथं ठळक लिहिते आहे.

आमचीही गोष्ट पेवाचीच होती. निजामाच्या काळातला सावकार, धान्य दडवून ठेवलेला, पेवातच मेला. आता वाड्याची वाटणी करायला भाऊ जमतात आणि तो वर येतो. वाड्यात ढेलजेच्या आत डाव्या हाताला खरंच पेव होतं, वर गोल दगडी झाकण. दिग्दर्शक हरखून गेला. भूत झालेला नट, औशाचा उमदा गडी, शर्ट काढून तयारच झाला.

वाड्याचे आजोबा माळवदावर ऊन खात बसले होते. ते खाली आले आणि म्हणाले, ‘‘बाई, पेव माणूस खातंय. आधी कंदील सोडा.’’ दोरीला बांधून कंदील सोडला. पुरुषभर खाली गेला असेल नसेल, ज्योत बारीक झाली आणि विझली. पुन्हा पेटवून सोडला, पुन्हा तिथंच विझला. त्या नटाचा चेहरा मला अजून दिसतो. त्यानं शर्ट घातला आणि पायरीवर जाऊन बसला.

बंद पेवात ओल असते, जुनं धान्य आणि भुसा कुजतो. त्यात हवेतला प्राणवायू संपतो आणि कार्बन डायऑक्साइड जड असल्यामुळं तळाशी साठून राहतो. आत गेलेल्या माणसाला हाक मारायलाही उसंत मिळत नाही, आणि त्याला काढायला उतरलेला दुसराही तिथंच पडतो. जुन्या विहिरींचंही हेच. कंदील जळत राहिला तरी विश्वास ठेवू नका, सगळेच विषारी वायू ज्योत विझवत नाहीत.

मी त्या दिवशीचं काम थांबवलं. दिवसाचे जवळपास ऐंशी हजार गेले आणि मला त्याचं काही वाटलं नाही. दुसऱ्या दिवशी परसात कंबरेएवढा खड्डा घेतला, कडेनं दगड रचले आणि थर्माकोलचं झाकण करून त्याला माती-सिमेंटचा हात फिरवला. नट आत स्टुलावर उकिडवा बसला. कॅमेरा जमिनीला टेकवला, बाजूला घमेल्यात ऊद पेटवला आणि वाड्यातल्या सूनबाईंनी सुपानं धूर त्याच्या अंगावर घातला. पडद्यावर ते वीस हात खोल वाटतं. भूत वर येतं, केसांतली ज्वारी झटकतं आणि पहिला प्रश्न विचारतं, ‘‘भाव काय चाललाय?’’ मग हाली सिक्क्यात, म्हणजे निजामाच्या जुन्या चलनात, हिशेब मांडायला लागतं. आमच्या सिनेमातलं सगळ्यात मोठं हसू तिथं आहे, आणि त्याला खरं पेव लागलं नाही.

गढी किंवा किल्ला संरक्षित असेल तर पुरातत्त्व विभागाची लेखी परवानगी लागते, तीही आधीच काढा.

रक्त स्वस्तात कसं करायचं?
*मुरूड, जि. लातूर*

काकवीत. घट्ट काकवी कोमट पाण्यानं सैल करायची, लाल खाद्यरंग घालायचा आणि वर चमचाभर कोको पावडर. नुसता लाल रंग कॅमेऱ्यात सरबतासारखा दिसतो, कोकोनं तो खाली बसतो. दिव्याखाली आधी कपड्यावर लावून बघा, डोळ्यांना दिसतं तसं लेन्सला दिसत नाही. तोंडात घ्यायचं रक्त वेगळ्या बाटलीत, झाकणावर खूण करून. काकवीला मुंग्या आणि माश्या लागतात, तेव्हा मेलेल्याचं काम करणाऱ्याला उन्हात फार वेळ झोपवू नका. पांढऱ्या सदऱ्याचे तीन जोड ठेवा.

मी राज्य नाट्य स्पर्धेत तीन वर्षं काम केलंय. एका विनोदी भयपटात भूमिका आलीय. ‘थोडं बोल्ड आहे, पण सगळं चांगल्या पद्धतीनं करू’ असं सांगतात. घरी काय सांगू आणि त्यांना काय विचारू?
*लातूर*

ताई, या पत्राला मी सगळ्यात जास्त वेळ दिला.

आमच्या सिनेमात तमाशातल्या गाणारणीचं पात्र होतं. ते काम केलेली मुलगी तुझ्यासारखीच, स्पर्धेतून आलेली, दिवसा एका शाळेत शिकवणारी. मला अक्का म्हणायची. तिच्या वाट्याला एक चावट गाणं होतं. नऊवारीत, पायांत चाळ, आणि सगळा चावटपणा शब्दांत आणि डोळ्यांत. तिनं ते इतकं झकास केलं की दिवे धरणारी पोरं हसू आवरायला तोंडात रुमाल कोंबून उभी होती. त्या गाण्यावर तिला स्वतःला अभिमान होता.

सिनेमा लागायच्या तीन दिवस आधी सकाळी सहाला तिच्या भावाचा फोन आला. तो बोलेना, नुसता श्वास ऐकू यायचा. मग म्हणाला, ‘‘अक्का, स्टँडवर या.’’ त्यांच्या गावच्या बसस्टँडच्या भिंतीवर आमचं पोस्टर होतं. चेहरा तिचा. गळ्याखालचं अंग भलत्याच कुठल्या बाईचं, अंगावर जवळपास काही नाही. त्या भागाच्या वितरकानं परस्पर करून घेतलं होतं. आम्हाला विचारलंही नव्हतं.

मी आणि युनिटची तीन पोरं बादल्या घेऊन गेलो. खळीनं चिकटवलेलं पोस्टर नुसतं ओढलं तर निम्मं भिंतीवर राहतं, आणि राहिला तो चेहराच. म्हणून आधी पाणी मारायचं, दहा मिनिटं भिजू द्यायचं, मग उलथन्यानं खालून वर खरवडत जायचं. स्टँड, बाजार, दूध डेअरी, शाळेची मागची भिंत. संध्याकाळपर्यंत सदतीस काढली. शाळेच्या भिंतीवरचं तिनं स्वतः काढलं. मी म्हटलं, तू घरी जा, आम्ही बघतो. तिनं उलथनं माझ्या हातातून घेतलं आणि ते संपेपर्यंत एक शब्द बोलली नाही.

वितरकाला जाब विचारला तर त्यानं करार दाखवला. ‘प्रसिद्धीचे सर्व अधिकार वितरकाकडे.’ एवढी एक ओळ, खाली आमची सही. त्या भागातून आम्ही सिनेमा काढून घेतला, एक लाख चाळीस हजारांचं नुकसान झालं, आणि मुलीच्या घरी जाऊन तिच्या आईसमोर माफी मागितली. ज्या फसवणुकीपायी वडलांनी तिकिटाचे पैसे परत केले होते, तीच फसवणूक माझ्या सिनेमाच्या नावावर झाली होती. फरक एवढाच की या खेपेला नुसता प्रेक्षक फसला नव्हता, आमचं माणूस उघड्यावर पडलं होतं.

म्हणून तू हे कर. ‘बोल्ड’ म्हणजे काय, ते दृश्यानिशी कागदावर लिहून माग. कपडे कोणते, स्पर्श कुठं, शॉट किती जवळून, त्या वेळी सेटवर कोण थांबणार. लिहून द्यायला कां-कू केली तर तेच तुझं उत्तर समज. पोस्टर, ट्रेलर आणि मोबाइलवर फिरणाऱ्या तुकड्यांतलं तुझं प्रत्येक चित्र तुझी सही घेऊनच बाहेर जाईल आणि हे बंधन वितरकावरही राहील, हे वाक्य करारात पाहिजे. शूट झालेलं दुसऱ्या कुठल्या सिनेमात वापरणार नाही, हेही. पैसे हप्त्यानं घे, शेवटचा हप्ता डबिंगच्या दिवशी, डबिंगच्या आधी. रात्री कामाहून घरी सोडायला गाडी आणि गाडीत आणखी एक बाई. दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील तर २०१३ च्या कायद्याप्रमाणं लैंगिक छळाच्या तक्रारीसाठी अंतर्गत समिती लागते, सिनेमाचा सेटही त्यात आला. समितीत कोण आहे ते पहिल्याच दिवशी विचार.

घरी काय सांगायचं, तर पटकथा आईला वाचून दाखव. विनोद चांगला असेल तर ती हसेल. आमच्या मुलीनं ते गाणं आधी आईलाच म्हणून दाखवलं होतं. आणि करार मराठीत मागून घे, मासिकाच्या पत्त्यावर मला पाठव, मी ओळ न् ओळ वाचून परत करते.

डबिंग परवडत नाही. जागेवरच आवाज घ्यायचा म्हटलं तर आमच्याकडं रस्त्यावर सारखा गोंगाट. काय करावं?
*माजलगाव, जि. बीड*

जागेवरच घ्या. पुण्यात जाऊन डबिंग केलं की आपली बोली धुतली जाते. ‘‘काय करायलाव वो?’’ यातला ‘वो’ स्टुडिओतल्या काचेच्या खोलीत पुन्हा तसा निघत नाही, आणि आपला निम्मा विनोद त्या ‘वो’वर उभा असतो.

आम्ही जानेवारीत शूट केलं, ऐन गाळप हंगामात. उसाचे ट्रॅक्टर दोन-दोन ट्रॉल्या ओढत, गाणी लावून, रात्रभर रस्त्यानं. पहिल्या रात्री अकरा टेक वाया गेले. दुसऱ्या दिवशी मी अड्ड्यावर जाऊन ड्रायव्हरांशी बोलले. त्यांना अरेरावी केली असती तर मुद्दाम हॉर्न वाजवून गेले असते. वळणावर एक पोरगा बॅटरी घेऊन उभा करतो, लाल उजेड दिसला की फर्लांगभर गाणं बंद ठेवा, एवढीच विनंती केली. बहुतेकांनी ठेवलं. तोडीवरून परत चाललेली काही जोडपी तर थांबून शूटिंग बघायची, पोरं काखेत झोपलेली. त्यांना चहा दिला.

वाड्याच्या भिंती दोन-दोन हात जाड, बाहेरचं आत येत नाही. आतला घुमारा मात्र घालवावा लागतो. आम्ही गावातून वाकळा मागून आणल्या आणि कॅमेऱ्याच्या मागं दोरीवर टांगल्या. प्रत्येक खोलीचा नुसता शांतपणा अर्धा मिनिट मुद्रित करून ठेवा, संकलनात सांधे बुजवायला तोच उपयोगी पडतो. जनरेटर शक्य तितका लांब, कडब्याच्या गंजीआड. आणि आवाजाचा माणूस ‘पुन्हा’ म्हणाला की दिग्दर्शकानं वाद घालायचा नाही.

सेन्सॉरला काय अडतं? गाढवांच्या शर्यतीचा प्रसंग आहे. आणि पहिला खेळ कुठं लावावा?
*भूम, जि. धाराशिव*

गाढवांचं आधी. सिनेमात जनावर वापरायचं तर पशु कल्याण मंडळाची परवानगी शूटिंगच्या आधी घ्यावी लागते, २००१ चे नियम आहेत. ती नसेल तर पुढं प्रमाणपत्र अडकतं. शर्यतीऐवजी गाढव जागचं हलतच नाही असा विनोद करता आला तर बघा, तरी परवानगी लागेलच.

थिएटरात लावायचं तर प्रमाणपत्र हवंच. २०२३ च्या दुरुस्तीनंतर यूएचे, म्हणजे मुलांनी पालकांच्या देखरेखीखाली बघायच्या सिनेमाचे, ७, १३ आणि १६ वर्षांवरचे असे तीन भाग झालेत. ‘ए’, म्हणजे फक्त प्रौढांसाठीचं, मिळालं तर टीव्हीसाठी काटछाट करून पुन्हा जावं लागतं. बाईची हेटाळणी आणि हीन द्व्यर्थी शब्द यांबद्दल मार्गदर्शक तत्त्वांत स्पष्ट लिहिलंय. २०२१ मध्ये अपिलाचं न्यायाधिकरण बंद झालं, आता दाद मागायची तर उच्च न्यायालय. आपल्यासारख्यांना तो खर्च झेपत नाही, म्हणून कात्री कुठं लागेल ते पटकथेतच बघून घ्या. चावटपणा ऐकणाऱ्याच्या डोक्यात होऊ द्या, ही आपल्या लोकनाट्याची जुनी रीत आहे. दादा कोंडके तिथूनच आले होते. रोज समोर बसलेल्या माणसांवर विनोद पारखून झाल्यावर १९७१ मध्ये त्यांनी ‘सोंगाड्या’ काढला. तुम्हीही संवाद आधी पारावर वाचून बघा.

पहिला खेळ जिथं शूट केलं त्या गावात, फुकट. आम्ही मारुतीच्या देवळासमोर पांढरं कापड ताणून लावला. भुतानं भाव विचारला तेव्हा पुढं बसलेल्या म्हाताऱ्यांनी मोठ्यानं भाव सांगितला, त्या आठवड्याचा, मोंढ्यातला. वाड्याचे आजोबा खुर्चीवर होते. संपल्यावर म्हणाले, ‘‘पेव आमचं नव्हं ते. भूत मातर आमच्या गावचंच हाय.’’

आठला सुरू केलं ही चूक झाली. सोळा दिवस ज्यांनी आमच्या भाकरी थापल्या त्या बाया घरची भांडी आवरून आल्या तेव्हा गाणं होऊन गेलं होतं. त्यातली एक नुसती म्हणाली, ‘‘झालं व्हय?’’ सव्वादहाला आम्ही सिनेमा पुन्हा पहिल्यापासून लावला आणि बाप्यांना मागं बसवलं. तुम्ही साडेनऊला सुरू करा.